जपानमध्ये वसंतात जोडीने ट्रेनप्रवास? या चुका टाळा

साकुरा, म्हणजे चेरीचा बहर बघायला निघालेली बहुतेक जोडपी आधी टोकियो, क्योतो, ओसाका, हिरोशिमा अशी यादी करतात आणि लगेच जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा ठरावीक दिवसांचा पास काढून मोकळी होतात. पैसे तिथेच जातात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० येनवर गेला. टोकियो ते क्योतो नोझोमी या वेगवान शिंकान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) आरक्षित तिकीट साधारण १४,००० येनला पडतं. म्हणजे जाऊन-येऊन माणशी २८,०००. हिरोशिमा जोडलं तरी बहुधा सुट्या तिकिटांतच भागतं. शिवाय पास असूनही नोझोमीत बसायचं तर वेगळे पैसे मोजावे लागतात. जुने व्हिडिओ बघून पास घेऊ नका, आधी आपल्या मार्गाची बेरीज करा.

तारखांचा घोळ

आपल्याकडे फिरायचं म्हटलं की मे महिना डोळ्यांसमोर येतो. पण टोकियो आणि क्योतोत साकुराचा बहर साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असतो. तिथे सगळीकडे दिसणारी सोमेई-योशिनो ही जात कलमांनीच वाढवलेली आहे, त्यामुळे एका भागातली झाडं एकदम फुलतात आणि एकदमच झडतात. पूर्ण बहर जेमतेम आठवडाभर टिकतो. उशीर झालाच तर हिरमुसू नका. क्योतोच्या निन्नाजी मंदिरातली बुटकी ओमुरो साकुरा उशिरा फुलते, आणि उत्तरेला हिरोसाकीत बहर सहसा एप्रिलच्या उत्तरार्धात येतो. २९ एप्रिल ते ५ मेच्या आसपास मात्र जाऊ नका. तो तिथला गोल्डन वीक. अख्खा देश प्रवासाला निघालेला असतो, हॉटेलं महागतात आणि त्या दिवसांत नोझोमीला अनारक्षित डबाच नसतो.

बॅग, बॅग आणि बॅग

माझ्या मते सहलीचा सगळ्यात जास्त विचका याने होतो. विमानात तेवीस किलो चालतं म्हणून दोन अजस्र बॅगा नेल्या, तर जपानी स्टेशनातले जिने आणि लांबच लांब बोगदे तुमचा दिवस खाऊन टाकतात. तोकाइदो शिंकान्सेनवर, म्हणजे टोकियो-क्योतो-ओसाका मार्गावर, लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटीमीटरपेक्षा जास्त असलेल्या बॅगेसाठी मागे सामानाची जागा असलेली ठरावीक सीट आधी आरक्षित करावी लागते. आधी केलीत तर जादा पैसे नाहीत, न करता चढलात तर १,००० येन. घरीच टेप लावून मोजा, चाकं आणि हँडलसकट.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे ताक्क्युबिन, म्हणजे सामान पोचवणारी कुरिअर सेवा. टोकियोतल्या हॉटेलच्या काउंटरवर फॉर्म भरून बॅग द्यायची, ती सहसा दुसऱ्या दिवशी क्योतोच्या हॉटेलात पोचते. तुम्ही एका रात्रीचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट पाठीवरच्या सॅकमध्ये घेऊन हात हलवत गाडीत बसा. एका बाजूला तीन, दुसरीकडे दोन सीट असतात. दोघांसाठी डी आणि ई मागा. टोकियोहून क्योतोकडे जाताना आकाश स्वच्छ असेल तर फुजी पर्वत त्याच बाजूच्या खिडकीत येतो.

स्टेशनात होणाऱ्या चुका

शिंकान्सेनची कागदी तिकिटं बऱ्याचदा दोन असतात, एक मूळ भाड्याचं आणि एक जलद गाडीचं. गेटमध्ये दोन्ही एकत्र सरकवायची आणि पलीकडे बाहेर आली की उचलायची. घाईत तिथेच राहून जातात. सुइका किंवा इकोका हे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड प्रत्येकाचं वेगळं हवं, एकावर दोघं जाऊ शकत नाहीत. गेटवर पैसे कमी पडले तर घाबरू नका, गेटच्या आतच भाड्यातला फरक भरायचं मशीन असतं.

शिंकान्सेन ओसाकाला नाही, शिन-ओसाकाला थांबते, पुढे लोकलने एक स्टेशन. क्योतोहून फुशिमी इनारी देवस्थानाला जाताना नारा मार्गाची साधी लोकलच पकडा. मियाकोजी रॅपिड ही कमी थांब्यांची गाडी इनारी स्टेशनला थांबत नाही, ती सरळ पुढे निघून जाते. ओसाकाहून कान्साइ विमानतळाची रॅपिड तर हिनेनो स्टेशनात दुभंगते, पुढचे डबे विमानतळाला आणि मागचे वाकायामाला. परतीच्या विमानाच्या दिवशी मागच्या डब्यात बसलात तर काय होईल ते सांगायला नको. डब्यावरचा फलक वाचूनच चढा. सकाळच्या गर्दीत गुलाबी पट्टीचा डबा बायकांसाठी राखीव असतो. नवऱ्याने बायकोमागोमाग तिथे घुसू नये.

शाकाहारी असाल तर

‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मिसो सूप, उदोन नूडल्स, वरून शुद्ध शाकाहारी दिसणारी भाजी, सगळ्यांत बहुतेक वेळा दाशी, म्हणजे माशाचा अर्क असतो. जपानीतलं कार्ड छापून न्या आणि त्यात दाशीचा उल्लेख हवाच. क्योतोत मंदिरांच्या आसपास मिळणारं शोजिन रयोरी, म्हणजे बौद्ध मठांतलं शाकाहारी जेवण महाग असलं तरी एकदा जरूर घ्या. प्रवासात उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची ओनिगिरी (भाताचा मुटका) पोटाला आधार देते, पण वेष्टनावरचे घटक भाषांतराच्या अॅपने तपासून घ्या.

ताटातूट झाली तर

दोघांत एकच पॉकेट वायफाय घेणं ही फार सर्रास होणारी चूक आहे. टोकियोतल्या शिंजुकूसारख्या गजबजलेल्या स्टेशनात एक जण पुढे गेला की दुसऱ्याच्या हातात नेट नसलेला फोन उरतो. दोन वेगळी ई-सिम घ्या. आणि निघण्याआधीच ठरवून ठेवा: एक जण गाडीत चढला आणि दार लागलं, तर त्याने पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच फलाटावर थांबायचं, मागे राहिलेल्याने तीच गाडी कुठे थांबते ते बघून तशीच पुढची गाडी पकडायची.