आखातात निघालेल्या बेळगाव-खानापूर-निपाणीच्या पोरांसाठी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ चालवणारा मी यूएईतल्या शारजाला आलो, त्याला आता १४ वर्षं झाली. आपल्याकडची पोरं येताना बघतो आणि जीव तुटतो, कारण मी जिथं ठेचकाळलो तिथंच तीही ठेचकाळतात.

व्हिजिट व्हिसावर कामाला येऊ नका. मी दहावी नापास, म्हणून पासपोर्ट ईसीआर, म्हणजे परदेशी कामाला जाताना परवानगी लागणारा. अशा माणसाला नोकरीसाठी निघताना सरकारी क्लिअरन्स लागतो. तोच चुकवायला एजंट म्हणाला, "आधी फिरायला म्हणून जा, तिकडं व्हिसा बदलून देतो." आईच्या पाटल्या मोडून त्याला १ लाख २० हजार दिले. इथं तीन महिने लपून काम केलं, पगार एकाच महिन्याचा मिळाला. तक्रार कुठं करणार? कागदावर मी पाहुणाच होतो. तेव्हा एजंटचं नाव भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का ते आधी बघा. नोंदणी असलेल्या एजंटला सेवाशुल्क ३० हजार अधिक जीएसटी, एवढंच घेता येतं. जास्त मागितलं की उठून या. तो तुमच्या मामाचा मित्र असला तरी उठा.

कागदं गावातच जुळवा. मराठी शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, कन्नड रेशनकार्डावर दुसरंच, हे आपल्या भागात घरोघरी आहे. डिप्लोमा कर्नाटकातला असेल तर तो खरा असल्याचे सरकारी शिक्के बंगळूरहून, कोल्हापुरात शिकला असाल तर मुंबईहून.

कन्नड येत असेल तर लपवू नका. बेळगाव कर्नाटकात घातलं म्हणून १ नोव्हेंबरला आपण काळा दिन पाळतो; गावी असताना त्या फेरीत मी दरवर्षी चाललोय, तो राग माझाही आहे. पण मला पहिली पक्की नोकरी दिली ती मंगळूरकडच्या कन्नड फोरमननं, आणि पहिले पैसे बुडवले ते आपल्याच तालुक्यातल्या रूममेटनं, भिशीत. गावचा आहे म्हणून हिशेब सोडू नका.

ज्वारीचं पीठ इथं मिळतं, ओझं आणू नका.

पासपोर्ट मालकाकडं ठेवू नका, तो ठेवून घेणं इथल्या कायद्यात बसत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२:३० ते ३ उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे, पण वर्कशॉपच्या पत्र्याखाली ही सूट नाही. पाणी पीत राहा.

आणि ऑफर लेटरमध्ये एकूण आकडा बघून हुरळू नका. मूळ पगार किती लिहिलाय तो बघा. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी त्याच्यावरच मिळते, पहिली ५ वर्षं दर वर्षाला २१ दिवसांची. ओव्हरटाइम त्यात धरत नाहीत.