लग्नपत्रिका, फलक आणि अर्ज : शुद्धलेखनाच्या या चुका टाळा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले, आणि तेव्हापासून खानदेशातील हजारो विद्यार्थ्यांना आपल्या अर्जाच्या पहिल्याच ओळीत 'कवयित्री' हा शब्द लिहावा लागतो. तो 'कवियत्री', 'कवयत्री', 'कवियित्री' अशा अनेक रूपांत लिहिलेला मी पाहिला आहे. या चुकीचे कारण सरळ आहे. 'कवी' हा शब्द मनात असतो आणि त्याला पुढे काहीतरी जोडून स्त्रीलिंगी रूप तयार होते असे वाटते. प्रत्यक्षात जसे अभिनेता–अभिनेत्री, तसे कवयिता–कवयित्री असे हे रूप आहे. 'कवयिता' एकदा मोठ्याने म्हणून पाहिला, की 'य'ची वेलांटी कुठे द्यायची हे पुन्हा विचारावे लागत नाही.

अशा चुका वाचणाऱ्याला खुपतात, कारण त्याचे लक्ष मजकुरावरून उडून अक्षरावर जाते. अर्ज कितीही न्याय्य असला तरी पहिल्या ओळीत तीन चुका दिसल्या की वाचणारा पुढचे सगळे संशयाने वाचतो. हे योग्य नसले तरी असेच घडते. मात्र बहुतेक चुका चार-पाच कारणांतूनच उगवतात आणि ती कारणे एकदा कळली की शेकडो शब्द आपोआप सुधारतात, म्हणून शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करण्यापेक्षा कारणे समजून घ्यावीत असे माझे मत आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलणे ही चूक नव्हे. आपल्याकडे 'डोळा'चा 'डोया' होतो, 'शाळा'ची 'शाया' होते, 'पाणी'चे 'पानी' होते. बहिणाबाईंच्या कवितेतील 'वढाय' म्हणजे प्रमाण मराठीतील 'ओढाळ'च. बोलीला तिचे स्वतःचे नियम आहेत आणि ती लिहिली तर तशीच लिहिली पाहिजे. अडचण येते ती प्रमाण मराठीत अर्ज लिहिताना. घरी 'ण' फारसा कानावर न पडलेला विद्यार्थी चूक होऊ नये या धास्तीने 'विणंती' आणि 'प्रार्थणा' असे लिहून बसतो. या मुलांना कोणी हसू नये. त्यांना नियम सांगावा.

तो नियम असा. संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या शब्दात आधी ऋ, र किंवा ष असेल, तर पुढच्या 'न'चा 'ण' होतो : ऋण, कारण, भाषण, श्रवण. मध्ये स्वर, 'क' किंवा 'प' वर्गातील अक्षर, किंवा य, व, ह आले तरी हा बदल अडत नाही, म्हणून ग्रहण, भ्रमण, अर्पण आणि लोकार्पण. परंतु मध्ये च, ट किंवा त वर्गातील अक्षर अथवा श, स आला की 'न' कायम राहतो, म्हणून दर्शन, कीर्तन, वर्तन आणि प्रार्थना. 'विनंती'त तर आधी र किंवा ष नाहीच. पाणी, माणूस, कोण हे मात्र मराठीचे घरचे शब्द आहेत. त्यांना हा नियम लागू नाही आणि ते वाचून-लिहूनच अंगवळणी पडतात.

सर्वाधिक चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या होतात, आणि त्या बाजारपेठेत पावलोपावली दिसतात. 'कापूसाची खरेदी', 'मूगाची आवक', 'पीकाची नोंद' असे फलक कोणत्याही तालुक्याच्या गावी आढळतील. मराठी शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरातील इकार-उकार, शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर, दीर्घ असतो : पीक, मूग, चूक, वकील. प्रत्यय लागला की तोच ऱ्हस्व होतो : पिकाची, मुगाची, चुकीचा, वकिलाला. तीन अक्षरी शब्दाचे पहिले अक्षर दीर्घ असेल, तर मधल्या ईकार-ऊकाराच्या जागी 'अ' येतो, म्हणून कापूस–कापसाची, लाकूड–लाकडाची. पहिले अक्षर ऱ्हस्व असेल तर दोन्ही रूपे चालतात. त्यामुळे आपल्या आवडत्या भरिताच्या वांग्यांना 'भरताची वांगी' म्हणा किंवा 'भरिताची वांगी' म्हणा, दोन्ही बरोबर आहे; 'भरीताची वांगी' मात्र चूक. उडीदही तसाच : उडदाची किंवा उडिदाची डाळ.

हाच नियम अर्धवट लक्षात राहिल्यामुळे एक वेगळी आणि अधिक बोचणारी चूक घडते. वीट, तीळ, पीक दीर्घ, म्हणून 'दिन'ही दीर्घ असावा असे वाटते आणि शाळेच्या फळ्यावर 'शिक्षक दीन' उमटतो. दिन म्हणजे दिवस. दीन म्हणजे गरीब, लाचार. संस्कृतातून आलेले शब्द, शेवटचे अक्षर वगळता, मूळचा ऱ्हस्व-दीर्घ सोडत नाहीत : दिन, गुण, मंदिर ऱ्हस्वच राहतात आणि शरीर, संगीत यांना प्रत्यय लागूनही शरीराला, संगीताला असा दीर्घच राहतो. अर्थ फिरवणाऱ्या आणखी काही जोड्या आहेत. 'कोनशिला'मधील शिला म्हणजे दगड. 'शीला' म्हणजे शीलवती. मिलन म्हणजे भेट. मीलन म्हणजे डोळे मिटणे, म्हणून माजी विद्यार्थ्यांचे 'स्नेहमीलन' भरवू नये. आणि अर्जाच्या शेवटी 'आपल्याकडून सहकार्याची उपेक्षा आहे' असे लिहिणाऱ्याने नेमके उलटे मागितलेले असते, कारण उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष. त्याला हवी असते ती अपेक्षा.

लग्नपत्रिकेचे दुखणे मला घरातूनच ठाऊक आहे. माझ्या पुतणीच्या लग्नाच्या पत्रिकेवर 'शुभाशिर्वाद' छापून आला, तोही सोनेरी अक्षरांत. प्रूफ आम्ही मोबाइलवर आलेल्या छायाचित्रावरून, मांडवाच्या गडबडीत, उभ्या-उभ्या पाहिले होते. पत्रिका वाटून झाल्यावर गावातील एका वृद्ध शिक्षकांनी ती चूक दाखवली आणि माझ्या भावाला ती फार लागली. तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येकाला 'आशीर्वाद'ची फोड सांगतो : मूळ शब्द 'आशिस्', आणि 'वाद' जोडताना 'स्'चा रफार होतो व आधीची वेलांटी दीर्घ होते. फोड माहीत असली की जोडाक्षरेही सुधारतात. उत् आणि ज्वल मिळून उज्ज्वल, म्हणून त्यात दोन 'ज'. महत् आणि त्व मिळून महत्त्व, म्हणून दोन 'त', व्यक्तिमत्त्वातही दोन. याउलट नेतृत्व, कर्तृत्व, मातृत्व यांत मुळात एकच 'त' आहे. परि आणि ईक्षा मिळून परीक्षा दीर्घ, पण परिषद, परिसर, परिपत्रक, परिवार यांत 'परि' ऱ्हस्वच. उत् आणि घाटन मिळून उद्घाटन; मग 'उद्धाटन'मधला 'ध' कुठून येणार? 'उपरोक्त' हाही उपरि आणि उक्त यांचा चुकीचा सांधा आहे; शुद्ध शब्द 'उपर्युक्त'. 'स्वागत'मध्ये 'सु' आधीच असल्यामुळे 'सुस्वागतम्' मला नेहमीच अनावश्यक वाटते.

'उत्कृष्ठ' आणि 'वरिष्ट' या जोडीचा उलगडा थोडक्यात होतो. 'सर्वांत अधिक' असा अर्थ दाखवणाऱ्या शब्दांत 'ठ' येतो : वरिष्ठ, कनिष्ठ, ज्येष्ठ, श्रेष्ठ. 'झालेले' असा अर्थ दाखवणाऱ्यांत 'ट' : उत्कृष्ट, नष्ट, संतुष्ट, स्पष्ट. निष्ठा, प्रतिष्ठा, प्रतिष्ठान यांच्या मुळाशी 'स्था' हा धातू आहे, म्हणून तिथेही 'ठ'.

दुसऱ्याची चूक काढण्यापूर्वी तो मजकूर कोणत्या काळातील आहे हेही पाहावे. आज आपण पाळतो ते नियम मराठी साहित्य महामंडळाने तयार केले. त्यांतील १४ नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि १९७२ साली आणखी ४ जोडले गेले. अमळनेरला २०२४ साली ९७वे साहित्य संमेलन झाले, पण त्याच अमळनेरात १९५२ साली संमेलन भरले तेव्हा हे नियम नव्हतेच. त्या काळच्या पत्रात 'कवि', 'गुरु', 'नांव', 'केलें', 'जळगांव' असे लिहिलेले आढळले तर ते त्या वेळचे शुद्ध लेखन होय. आता उच्चारात नसलेला अनुस्वार द्यायचा नाही, म्हणून जळगाव, चाळीसगाव, धरणगाव, भडगाव. आणि शब्दाच्या शेवटची वेलांटी व उकार दीर्घ, म्हणून कवी, गुरू, कृषी. अशा संस्कृत शब्दाला पुढे दुसरा शब्द जोडला की पुन्हा ऱ्हस्व : कविमन, गुरुवार, कृषिमंत्री. ज्या अमळनेरात साने गुरुजींनी शिकवले, तिथे तरी त्यांच्या नावातील 'रु' ऱ्हस्व लिहिला जावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. 'आणि' हा शब्द या नियमाला अपवाद असून तो नेहमी ऱ्हस्वच असतो.

मोबाइलवर लिहिताना दोन चुका विशेष होतात. 'रु' आणि 'रू' यांचे आकार इतके जवळचे आहेत की 'रूपये' आणि 'दुरूस्ती' नजरेतून सुटतात. रुपये व दुरुस्ती ऱ्हस्व, आणि रूप दीर्घ. दुसरी चूक 'शेतकर्यांना' ही. रफार दिला की आधीच्या अक्षरावर आघात येतो, म्हणून 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे सातपुड्यात असतात त्या. मराठी कळफलकावर 'र'शिवाय 'ऱ' हे वेगळे अक्षर असते. ते घेऊन त्याचा पाय मोडावा आणि मग 'य' जोडावा. अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वारही विसरू नये : शेतकऱ्यांना, विद्यार्थ्यांनी, पाहुण्यांचे.

छापखान्यातून प्रूफ आले की ते कागदावर मागून घ्यावे. आधी मजकूर नेहमीसारखा वाचावा, आणि नंतर शेवटच्या शब्दापासून सुरुवात करून उलट्या क्रमाने एकेक शब्द पाहावा, कारण सरळ वाचताना डोळा शब्द पाहत नाही, अर्थ पाहतो. नावे, तारखा आणि गावांची नावे घरातील दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचून दाखवावीत. आमच्या घरी त्यानंतर दोन लग्ने झाली. दोन्ही वेळा प्रूफ त्याच वृद्ध शिक्षकांकडे पाठवले, आणि दुसऱ्या वेळी त्यांनी 'हार्दीक'मधील दीर्घ वेलांटी लाल शाईने ऱ्हस्व करून कागद परत दिला.