परदेशी निघताय? कुंद्याचा डबा आधी बाजूला काढा

बेळगावातून लेकीकडे जर्मनीला निघालं की पहिला हात कुंद्याकडे जातो. पण तो नेऊ नका. कुंदा खव्याचा, आणि बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना युरोपीय संघात दुधाचे नि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. सापडला तर डबा तिथेच जातो, नि एवढ्या मायेनं नेलेला खाऊ टाकताना जीव तुटतो. त्यापेक्षा कोरडी शेंगाचटणी न्या. तेल झिरपतं, म्हणून दुहेरी पिशवीत सीलबंद करून चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवा. वर इंग्रजीत पदार्थाचं नाव लिहा. गोळ्या मूळ पाकिटातच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा आहे ना, हे तिकीट काढण्याआधीच बघा.