नलारबोर ओलांडायचंय? आधी वाऱ्याला विचारा

हल्ली पर्थला नव्यानं आलेली बरीच मंडळी वर्षभरात विजेची गाडी घेतात आणि मग फोन येतो, "दादा, ॲडलेडला गाडीनंच जाऊ म्हणतोय. जमेल ना?" जमतं. साधारण 2,700 किलोमीटर आहे, वाटेत नलारबोरचं ओसाड, सपाट माळरान लागतं. आम्ही दोनदा गेलोय. फक्त मुंबई-गोव्याचा हिशेब डोक्यातून काढा. तिथे भूक लागली की पुढच्या वळणावर वडापाव. इथे नॉर्समन हे गाव सोडलं की बॅलाडोनियापर्यंत 190 किलोमीटर ना टपरी, ना गाव.

बॅलाडोनियाच्या पुढे कायगुनापर्यंत आणखी 180. त्यातला 146.6 किलोमीटरचा रस्ता एकही वळण न घेता जातो. पहिल्या खेपेला तिथेच आमची खोड मोडली. गाडीचा पडदा 350 किलोमीटर दाखवत होता, म्हणून बॅटरी 80 टक्के असतानाच निघालो. समोरून वारा, वेग 110. तासाभरात आकडे बघून बायकोनं गप्पा थांबवल्या. शेवटी ताशी 80 वर आलो, एसी बंद केला, मागे रोडट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक, आली की डावीकडे सरकून तिला जाऊ द्यायचं. पोहोचलो तेव्हा 9 टक्के उरले होते आणि पाठ घामानं चिकटली होती.

म्हणून पडद्यावरचे किलोमीटर बघूच नका, टक्के मोजा. 60 युनिटची बॅटरी असेल आणि समोरचा वारा धरून 100 किलोमीटरला 24 युनिट जात असतील, तर 250 किलोमीटरवर सगळं संपलं. वारा कुठून आहे ते निघण्यापूर्वी हवामान खात्याच्या ॲपवर बघा. पहिले 20 किलोमीटर झाले की किती टक्के गेले त्यावरून पुढचं गणित मांडा. जमत नसेल तर तेव्हाच मागे फिरा, त्यात लाज नाही.

चार्जर आता पूर्वीपेक्षा बरेच आहेत. राज्य सरकारचं जाळं उत्तरेच्या कुनुनुरापासून इकडे मुंड्राबिलापर्यंत पसरलंय. पण एक बंद पडला की पुढचा फार लांब. त्यामुळे थ्री-फेजच्या 32 अँपिअर सॉकेटला आणि कॅराव्हॅनच्या 15 अँपिअर सॉकेटला लागणारी केबल डिकीत हवीच. 15 अँपिअरवर तासाला जेमतेम साडेतीन युनिट मिळतात, म्हणजे मुक्कामच. इथली रोडहाऊसं, म्हणजे पेट्रोल, जेवण आणि मुक्काम मिळणारे हायवेवरचे थांबे, ग्रिडवर नाहीत, स्वतःची वीज स्वतः करतात. त्याच विजेवर त्यांचं स्वयंपाकघर आणि थंड खोली चालते. आदल्या दिवशी फोन करा, विचारून लावा, पैसे द्या आणि जेवण तिथेच घ्या. कायगुनाला तर तळणीच्या उरलेल्या तेलावर चालणारा जनरेटर बसवून चार्जर केलाय. भज्यांच्या तेलावर गाडी धावते, हे सांगितल्यावर आमच्या आईला खरंच वाटेना.

कायगुनाच्या पुढे घड्याळ पाऊण तास पुढे होतं. मोबाइल ते पाळेलच असं नाही, आणि स्वयंपाकघर कधी बंद होतं ते तिथल्या घड्याळावर ठरतं.

संध्याकाळ झाली की थांबाच, कांगारू रस्त्यावर येतात. बहुतेक रस्त्यावर नेटवर्क नाही, तेव्हा उपग्रहावरून मदत मागणारं यंत्र भाड्यानं घ्या. माणशी दहा लिटर पाणी ठेवा. गाडी बंद पडलीच तर तिला सोडून चालत निघू नका. विजेच्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते, नुसतं पंक्चरचं किट असतं. टायरची कड फाटली तर त्याचा काही उपयोग नाही. आम्ही दुसऱ्या खेपेला एक चाक मागच्या सीटवर बांधून नेलं, मुलगा त्यावर डोकं टेकून झोपला.

आणि डबा भरताना एक लक्षात ठेवा. ॲडलेडकडे जाताना सेडुनाला आणि परत येताना बॉर्डर व्हिलेजला गाडी तपासतात, ताजी फळं-भाज्या काढून घेतात. आमची चार लिंबं सेडुनाच्या पेटीत गेली. दुसऱ्या दिवशी पोहे केले, पिळायला काही नव्हतं.