डॉगबेरीचं बोलणं कानांनी वाचा

शेक्सपिअरच्या सुखात्मिकांमधले विनोद कळत नाहीत, असं एम. ए.च्या पहिल्या वर्षाची मुलं अनेकदा म्हणतात. मी त्यांना 'मच अडू अबाउट नथिंग' हाती देते आणि तिसऱ्या अंकाचा पाचवा प्रवेश मोठ्याने वाचायला सांगते. टीपा नंतर पाहाव्यात.

मेसिनातल्या पहारेकऱ्यांचा प्रमुख डॉगबेरी. त्याला भारदस्त शब्दांचा भारी सोस, पण नेमका शब्द कधीच सापडत नाही. तुलना 'ओडियस' असतात असं म्हणायचं, तर तो 'ओडरस' म्हणतो आणि तिरस्करणीय तुलनांना वास सुटतो. पुढे आरोपीला तो चिरंतन मुक्तीची शिक्षा बजावतो. त्याला अभिप्रेत असतो अर्थातच नरक.

इथे नुसतं हसून पुढे जाऊ नका. लग्नाची सकाळ आहे. नवरी हीरो हिच्यावरचा बदफैलीचा आळ हे कारस्थान असल्याचं पहारेकऱ्यांनी रात्रीच ऐकलंय, गुन्हेगारही पकडलेत. तेच सांगायला डॉगबेरी तिच्या वडिलांकडे, लिओनाटोकडे आलाय. पण लिओनाटो घाईत. तो वैतागून त्याला 'टीडियस', म्हणजे कंटाळवाणा म्हणतो. डॉगबेरीला ती स्तुती वाटते! आपण राजाइतके टीडियस असतो तरी ते सगळं तुम्हालाच दिलं असतं, असं तो मनापासून सांगतो. चौकशी तुम्हीच करा, म्हणत लिओनाटो चर्चकडे निघतो आणि तिथे भर मांडवात मुलीची अब्रू जाते. प्रेक्षकाला सगळं ठाऊक असतं, म्हणून हसता हसता जीव टांगणीला लागतो. त्यामुळे समासात शब्दाचा अर्थ लिहिलात, तर ऐकणाऱ्याने पुढे काय केलं तेही लिहा. माझ्या मते या नाटकाची खरी किल्ली तिथेच आहे.

परीक्षेत 'मॅलाप्रॉपिझम', म्हणजे नेमक्या शब्दाऐवजी तसाच ऐकू येणारा भलताच शब्द वापरणं, एवढं लिहून थांबू नका. ज्या मिसेस मॅलाप्रॉपवरून तो शब्द आला, ती शेरिडनच्या 1775च्या नाटकातली. डॉगबेरी तिच्या पावणेदोनशे वर्षं आधीचा. 1600च्या छापील प्रतीत त्याच्या काही संवादांपुढे 'केम्प' असं विल्यम केम्प या विनोदी नटाचंच नाव आहे. हे संवाद एका विशिष्ट नटाच्या तोंडी घालायला लिहिले होते, म्हणून ते डोळ्यांपेक्षा कानांना लवकर कळतात.

सरावासाठी 'डिफॉर्म्ड'चा माग काढा. तिसऱ्या अंकात कारस्थानातला बोराचिओ फॅशनला 'डिफॉर्म्ड थीफ' म्हणतो. पहारेकऱ्याला वाटतं, हा डिफॉर्म्ड नावाचा चोर. मी ओळखतो त्याला, सात वर्षांपासून चोऱ्या करतोय! हा चोर केसांची बट, म्हणजे 'लॉक' ठेवतो, असंही पहाऱ्यावर सांगितलं जातं. पाचव्या अंकात डॉगबेरीच्या तोंडी त्या बटेचं कुलूप झालेलं असतं आणि चोराच्या कानात किल्लीही आलेली असते.