अक्कलदाढ पुढच्या जागी लावताय? या चुका टाळा

पहिली मोठी दाढ किडून गेली आणि मागे बिनकामाची अक्कलदाढ असेल, तर तीच काढून पुढे लावता येते. सोलापुरात हल्ली याची चौकशी वाढलीय आणि फसलेल्या केसेसही. चुका त्याच त्या.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे मूळ ‘स्वच्छ’ करणं. मुळावरचा पातळ पडदा जिवंत असतो, दाढ धरते ती त्याच्या जोरावर. एका तरुण डॉक्टरनं तो छान खरवडला, दाढ कोरड्या गॉजवर ठेवली आणि मग निवांत हाडात खड्डा करायला घेतला. एप्रिलचा महिना, वर पंखा गरगरतोय. दाढ इतकी घट्ट बसली की पेशंटनं पेढे वाटले. पुढे तो माझ्याकडे आला तेव्हा दाढेवर टकटक केल्यावर धातूसारखा टणटणीत आवाज. हाडाशी सांधली गेली होती. एक्स-रेमध्ये मूळ अर्धं खाल्लेलं.

माझ्याकडे खड्डा आधी तयार होतो, तोही जरा ऐसपैस. सीबीसीटीवरून (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) दाढेची थ्रीडी प्रतिकृती छापून घेतो आणि मापं तिच्यावरच बघतो. खरी दाढ शेवटी निघते, फक्त वरच्या भागाला धरून. खड्डा पुन्हा कोरायची वेळ आली, तर तोवर दाढ तिच्या जुन्या जागी परत. तोंडाबाहेर १५ मिनिटं म्हणजे मला फार झाली. छपाईचे पैसे वाचवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

जाड तारेनं आवळू नका. टाक्यांचा सैलसर आधार दोनेक आठवडे पुरतो. दाढ किंचित हललेली बरी.

चावताना समोरच्या जबड्यातली दाढ तिला टेकता कामा नये.

रूट कॅनालची घाई सरसकट करू नका. मुळाचं टोक उघडं असेल, म्हणजे मूळ अजून पुरतं वाढलेलं नसेल, तर आत रक्तपुरवठा परत येऊ शकतो, म्हणून थांबा आणि बघा. टोक बंद असेल तर मात्र दोन आठवड्यांच्या आसपास सुरू कराच. मूळ दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश तयार झालेलं असताना यश चांगलं मिळतं, म्हणून कॉलेजातली पोरं यासाठी उत्तम.

पण हीच पोरं चौथ्या दिवशी कडक भाकरी नि शेंगा चटणीवर बसतात. ‘दुखत नाही की डॉक्टर!’ आमटीत कुस्करून खा, तेही दुसऱ्या बाजूनं.

मिश्री किंवा गुटखा चालू असेल, तर मी केस घेतच नाही. आधी सोडा, मग तारीख देतो.