दुर्बिणीची झाकणं: काय मोजायचं, काय घ्यायचं, काय घरी करायचं

दुर्बीण गळ्यात लटकते तेव्हा पुढची मोठी भिंगं जमिनीकडे असतात आणि डोळ्याकडची छोटी भिंगं आभाळाकडे. पावसाचे थेंब, झाडावरून गळणारं पाणी, कपाळाचा घाम, भेळेची शेव, सगळं पडतं ते डोळ्याकडच्या भिंगांवर. तरीही झाकण हरवलं की बहुतेक जण आधी पुढच्या मोठ्या भिंगांची सोय बघतात. पैसे मोजके असतील तर पहिला खर्च डोळ्याकडच्या झाकणावर करा. त्याला दुकानात रेनगार्ड म्हणतात. पुढची झाकणं नंतर घेतली किंवा घरी केली तरी चालतं.

भिंगावरचा लेप, म्हणजे कोटिंग, अतिशय पातळ असतो आणि धुळीतले वाळूचे कण काचेपेक्षा कठीण असतात. कण नुसता बसून राहिला तर फारसं बिघडत नाही. तो रुमालाखाली घासला गेला की ओरखडा उठतो. म्हणून झाकणाचा खरा उपयोग एकच: भिंग पुसायची वेळ कमी वेळा यावी. आत धूळ साचलेलं झाकण किंवा ओल्या भिंगावर घट्ट बसवलेलं झाकण मात्र उघड्या भिंगापेक्षाही वाईट.

मापं घेताना

दुर्बिणीवर ८×४२ लिहिलेलं असतं. त्यातले ४२ मिमी हा पुढच्या भिंगाचा व्यास, नळीचा बाहेरचा व्यास नव्हे. नळीवर रबराचं आवरण असतं, त्यामुळे ४२ च्या दुर्बिणीची नळी बाहेरून साधारण ४८ ते ५५ मिमी भरते, आणि प्रत्येक मॉडेलची वेगळी. ‘४२ मिमीसाठी’ एवढंच बघून मागवलेलं झाकण एक तर चढत नाही, नाहीतर पहिल्याच फेरीत गळून पडतं. परत पाठवलेल्या झाकणांमागे बऱ्याचदा हीच चूक असते.

व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम. नसेल तर कागदाची पट्टी नळीच्या तोंडाशी गुंडाळा, जिथे ती स्वतःवर येते तिथे खूण करा आणि लांबी ३.१४ ने भागा. पट्टी १६३ मिमी भरली तर व्यास ५२ मिमी. दोन्ही नळ्या मोजा आणि अगदी कडेपाशी मोजा, कारण काही नळ्या मागे निमुळत्या होत जातात.

पुढची झाकणं दोन तऱ्हेची. एक नळीच्या आत दाबून बसवायचं, दुसरं बाहेरून टोपीसारखं चढणारं. आत बसणारं घ्यायचं असेल तर भिंग कडेपासून किती आत आहे ते बघा. कॅलिपरची खोली मोजायची दांडी भिंगाजवळ अजिबात नेऊ नका, कागदाची पट्टी कडेने सरकवा. भिंग जेमतेम ३-४ मिमी आत असेल तर आत बसणारं झाकण काचेला टेकण्याची भीती असते. तिथे बाहेरून चढणारंच घ्या.

रेनगार्डसाठी आयकपचा, म्हणजे डोळ्याला टेकणाऱ्या रबरी कडेचा, बाहेरचा व्यास लागतो आणि दोन डोळ्यांमधलं अंतर. दुर्बीण डोळ्याला लावा, दोन वर्तुळांचं एक वर्तुळ दिसेपर्यंत बिजागरी फिरवा आणि मग डाव्या आयकपच्या डाव्या कडेपासून उजव्या आयकपच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. मोठ्या माणसांत हे अंतर बहुधा ५६ ते ७२ मिमीच्या दरम्यान येतं. रेनगार्डच्या दोन वाट्यांमधला पूल कडक असेल आणि ६५ वर ठरलेला असेल, तर ५८ अंतर असणाऱ्याला दर वेळी दुर्बीण उघडझाप करावी लागेल. तो माणूस चार दिवसांत रेनगार्ड काढून ठेवतो. पूल लवचिक हवा, दोन बोटांनी सहज मुडपणारा.

बसणं कसं हवं

पुढचं झाकण घट्ट हवं, मागचं सैल. रेनगार्डची वाटी आयकपपेक्षा दीड-दोन मिमी मोठी असावी, म्हणजे एका हाताने वर सारली की सुटते आणि सोडली की आपोआप बसते. घट्ट रेनगार्ड दाबून बसवताना वर आलेले आयकप खाली जातात, आणि ते काढेपर्यंत धीवर पक्षी उडून गेलेला असतो.

रेनगार्ड पट्ट्यात ओवायला दोन्ही बाजूंना खाचा असतात. फक्त डाव्या बाजूची खाच ओवा, उजवी मोकळी ठेवा. दोन्ही ओवल्या तर काढलेलं रेनगार्ड नाकासमोर अडकून राहतं. एकच बाजू ओवली की ते डावीकडे लोंबतं आणि वाटेत येत नाही.

पुढच्या झाकणांना नळीभोवती बसणारी रिंग हवी, म्हणजे उघडलेलं झाकण तिथेच लटकतं. सुटी झाकणं खिशात ठेवून फिरणं म्हणजे ती हरवायची वाट बघणं. भिगवणला उजनीच्या पाण्यात होडीतून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघताना सुटलेलं झाकण परत मिळत नाही.

रिंग घेण्याआधी दोन नळ्यांमधली फट मोजा. दुर्बीण तुमच्या डोळ्यांच्या अंतराला लावा आणि पुढच्या तोंडाशी नळ्यांत किती जागा उरते ते बघा. रिंगची जाडी प्रत्येकी अडीच-तीन मिमी असते. फट ६ मिमीपेक्षा कमी असेल तर रिंगा एकमेकींवर अडतात, दुर्बीण पुरती मिटत नाही आणि एकाऐवजी दोन वर्तुळं दिसायला लागतात. दोष दुर्बिणीचा वाटतो, असतो रिंगचा. रिंगला झाकण जिथे जोडलेलं असतं तो सांधा बाहेरच्या-खालच्या बाजूला येईल अशी ती फिरवा. आतल्या बाजूला ठेवला तर दोन्ही झाकणं मध्ये टकरावतात.

रिंग आणि झाकण जोडणारी पट्टी आखूड असावी, ३० मिमीच्या आतली. पट्टी लांब असली की किल्ल्याच्या कड्यावरून खाली दरीत बघताना झाकण पुढे झुलतं आणि खालच्या बाजूने काळी सावली दिसते.

आत बसणारं झाकण नीट दाबलं तरी दोन मिनिटांत हळूहळू बाहेर येत असेल तर आत दाबली गेलेली हवा त्याला ढकलते आहे. झाकणाच्या कडेला ब्लेडने दीड मिमीची एक खाच पाडा. हवा निघून जाईल आणि ते बसून राहील. खाच पाडल्यावर झाकण धुवा, मगच लावा.

कशाचं घ्यावं

टीपीयू, म्हणजे रबरासारखं वाकणारं प्लॅस्टिक, सध्या सगळ्यात भरवशाचं. वाकतं, सहजी फाटत नाही, उन्हात लवकर चिकट होत नाही. सिलिकॉन उष्णता उत्तम सोसतं पण धूळ आणि कपड्याचा धागा ओढून घेतं, आणि कडेला एकदा चीर गेली की पुढे ती सरसर फाटत जाते. निओप्रीन मऊ असतं, धक्के पचवतं, पण भिजलं की तासन्‌तास ओलं राहतं. घाटातल्या जुलैसाठी ते नकोच. एबीएससारखं कडक प्लॅस्टिक स्वतः टिकतं, त्याची बिजागरी टिकत नाही.

टाळायचं ते स्वस्त मऊ पीव्हीसी. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उन्हाने बाहेर येतं, झाकण चिकट होतं आणि तो तेलकट थर भिंगाच्या कडेला लागतो. मे महिन्यात बंद गाडीत विदर्भातल्या उन्हात पडलेलं असं झाकण महिन्याभरात बोटाला चिकटायला लागतं. (उघडी दुर्बीण गाडीच्या काचेजवळ उन्हात ठेवूच नये. मोठं भिंग ऊन एका बिंदूवर आणतं.)

हातात घेऊन तपासता येत असेल तर एवढं करा. वास घ्या: नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला तर ते मऊ पीव्हीसी असण्याची शक्यता मोठी. जोडपट्टी पूर्ण दुमडा: दुमडीवर पांढरी रेघ उमटली तर ती तिथेच तुटणार. पांढरा रुमाल आतून फिरवा: काळं किंवा पावडर लागली तर तेच भिंगावर जाणार. शेवटी झाकण बसवून दुर्बीण उलटी धरा आणि दहा वेळा हलवा.

स्प्रिंगने टक्कन उघडणारी, रायफलच्या स्कोपसाठी बनवलेली झाकणंही ऑनलाइन मिळतात. ती बाहेरच्या व्यासाप्रमाणे विकली जातात, त्यामुळे माप जुळलं तर एका नळीच्या मोनोक्युलरवर नीट बसतात. दुर्बिणीवर मात्र दोन उघडी झाकणं शेजारी मावत नाहीत, खाऱ्या हवेत स्प्रिंग गंजते आणि जवळ बसलेला पक्षी त्या आवाजाने उडतो.

घरी करायचं तर

रिंगसाठी मोटरसायकलची जुनी ट्यूब. पंक्चरवाल्याकडे टाकून दिलेली मिळते. ट्यूब चपटी ठेवून रुंदी मोजा. नळीचा घेर १६३ मिमी असेल तर रिंगचा घेर त्याहून दहा टक्के कमी, सुमारे १४७ मिमी हवा, म्हणजे चपटी रुंदी ७३-७४ मिमी. याहून बरीच अरुंद ट्यूब बळेच ताणून चढवली तर चिरते. १५ मिमी रुंदीचं कडं कापा. ट्यूबच्या आत संगजिऱ्याची पांढरी पूड असते, ती साबणाने पूर्ण जाईपर्यंत धुवा. हे विसरलात तर पहिल्याच दिवशी भिंगावर पांढरा थर दिसेल.

टोपीसाठी प्लंबिंगच्या दुकानातली कडक पीव्हीसी पाइपची एंड कॅप. पाइप बाहेरच्या व्यासाने ओळखतात, ५० मिमी, ६३ मिमी, ७५ मिमी असे, आणि टोपी आतून साधारण तेवढीच असते. १०×५० दुर्बिणीची नळी बाहेरून ५८ मिमी भरली तर ६३ ची टोपी आणि आत भिंतीला ३ मिमी फोम शीट. ५२ मिमीच्या नळीलाही ६३ ची टोपी चालते, फोम ६ मिमी लावावा लागतो. टोपी फार खोल असेल तर हॅक्सॉने १५-१८ मिमीवर कापा आणि कड पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. फोम फक्त भिंतीला लावा, तळाला नको. चिकटवायला पंक्चरचं सोल्यूशन चालतं, पण लावल्यावर पूर्ण एक दिवस उघड्यावर वाळू द्या. वास येत असताना झाकण लावलं तर त्या वाफेचा थर काचेवर बसतो. टोपीच्या कडेला तापवलेल्या सुईने भोक पाडून नायलॉनच्या जाड दोऱ्याने ती ट्यूबच्या रिंगला बांधा.

रेनगार्ड मात्र घरी नीट जमत नाही. ते विकतच घ्या.

पावसात आणि पावसानंतर

पावसात चालताना रेनगार्ड बंद, पुढची झाकणं उघडी लटकू द्या. पुढची भिंगं खालीच बघत असतात, आणि दर वेळी ती झाकत बसलात तर ओलं झाकण ओल्या काचेवर बसतं.

एसी गाडीतून आंबोलीच्या दमट हवेत उतरलात की थंड काचेवर बाष्प धरतं. दुर्बीण झाकणांसकट दहा-पंधरा मिनिटं पिशवीतच राहू द्या, मग उघडा. पुसू नका, काच हवेइतकी गरम झाली की बाष्प आपोआप जातं.

घरी आल्यावर सगळी झाकणं काढा. नळ्या सुक्या सुती कापडाने टिपा, भिंगांवर आधी ब्लोअरने (दाबून हवा सोडणाऱ्या रबरी फुग्याने) हवा मारा आणि दुर्बीण पंख्याखाली दोन-तीन तास उघडी ठेवा. आत नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी दुर्बीण असली तरी भिंगाच्या बाहेरच्या बाजूला बुरशी धरू शकते. दमट हवेत, अंधारात, झाकणाखाली कोंडलेल्या ओलीत तिला हवं ते सगळं मिळतं, आणि बुरशी एकदा लेपात शिरली की पुसून जात नाही. पावसाळ्यात दुर्बीण चामड्याच्या किंवा कापडी केसमध्ये ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे), छोटा आर्द्रतामापक आणि झाकणं काढलेली दुर्बीण. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. रंग बदलणारी नारिंगी जेल घ्या. ती हिरवी झाली की ११०-१२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येते. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ती स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नये.

ठाण्याच्या खाडीत किंवा शिवडीच्या धक्क्यावर गेलात तर झाकणं त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. मीठ वाळलं की त्याचे खडे होतात आणि ते झाकणाच्या आतल्या कडेला बसतात. एरवी हंगामात आठवड्यातून एकदा: मगभर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ टूथब्रश, सावलीत उपडी घालून वाळवण.

पुढची झाकणं घेताना एक जोडी जास्तीची घ्या. मॉडेल बंद झालं की तेच माप पुन्हा मिळवणं कठीण जातं. आणि घेतलेली सगळी मापं, नळीचा व्यास, भिंगाची खोली, आयकप, दोन नळ्यांमधली फट, एका चिठ्ठीवर लिहून दुर्बिणीच्या डब्यात ठेवा. मूळ जोडी हरवली तर जवळच्या थ्रीडी प्रिंटिंगवाल्याकडून टीपीयूमध्ये करून घेताना तीच चिठ्ठी द्यायची.